खासदारकीच्या हंगामात मतदारानं कसं वागावं

जळगावात यंदा, 2024 च्या लोकसभेला, मावळते खासदार रिंगणातच नाहीत. भाजपनं उन्मेष पाटलांचं तिकीट कापलं, ते ठाकरेंच्या शिवसेनेत गेले, पण उभे राहिले करण पवार. भाजपकडून स्मिता वाघ. म्हणजे 2019 मध्ये ज्यांची जाहीर झालेली उमेदवारी काढून उन्मेष पाटलांना दिली होती, त्याच. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे म्हणा. गाव कसं तयार पाहिजे!

तरी चार सूचना करतो. परवाच एका सभेतून ताजं ज्ञान घेऊन आलोय.

सगळ्यात आधी, फक्त तिकिटावर बोला. सलूनमध्ये, पारावर, मयतीला गेलात तरी. कोणी कोणाचा गेम केला, कोण आतून कोणाचं काम करतोय, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं मतदान करूच नये.

उमेदवाराची जात विचारा, मग पोटजात, मग सोयरीक कुठली. काम विचारायची घाई नको.

दुपारी जरा डोळा लागला की प्रचाराचा फोन वाजेल. उचला, रेकॉर्डिंगलाही रामराम घाला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 10 मेला, मतदान 13 ला. माहेरी आलेल्या लेकीला म्हणा, रहा अजून चार दिवस. तिचं नाव सासरच्या मतदार यादीत आहे, राहू द्या तिथंच.

आता सभा. सभेला जरूर जा. वेळ अकराची असेल तर दीडला सुरू होईल, तोवर उन्हात मंडपाखाली शिजा. कूलर आहेत, पण त्यांची तोंडं स्टेजकडे. पाण्याचे जार रिकामे. मग व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं सुरू होतील आणि एखादं राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही टाळ्या वाजवा. प्रश्न मात्र विचारू नका. मी विचारला. भडगावकडचं गाव, गिरणा नदीच्या काठावरचं, म्हणून गिरणेचंच विचारलं: मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंतचे सात बलून बंधारे, म्हणजे हवेनं फुगवून पाणी अडवायचे रबरी बंधारे, किती निवडणुकांपासून ऐकतोय, ते नेमके अडलेत कुठं? मंजुरीत, पैशात, की टेंडरमध्ये? एवढंच. उपरणंवाला पोरगा आला, म्हणे काका, हा विषय नंतर घेऊ, आणि माइकवर घोषणा सुरू झाल्या. त्याचं सोडा, तो त्याचं काम करत होता. माझ्या मागून, आपल्याच गावातून आवाज आला, "बठ ना भो खाले, जेवण थंड होतंय!" आणि मंडप हसला. ज्याच्या विहिरीनं फेब्रुवारीतच तळ दाखवला तोही हसला! घरात कापूस पडून आहे, भाव वाढेल म्हणून थांबलाय, तोही हसला. वरण-बट्टीसाठी. वांग्याच्या भाजीसाठी!

पुढची सूचना लिहायची होती, पाकिटाची. नको. ते तुम्हाला सांगावं लागत नाही.

खरंच सांगतो, लाज वाटली. त्या पक्षाची नाही, तुमची. नेहमी निदान एक माणूस असतो ज्याला विचारता येतं, पाच वर्षं काय केलं. यंदा तोही मतपत्रिकेवर नाही, म्हणून तुम्ही हिशेबच बंद केला? जे उभे आहेत त्यांना खुर्ची अजून मिळालेली नाही. तुमच्या अंगणात येऊन हात जोडायची गरज त्यांना आत्ताच आहे, 13 मेपर्यंत. नंतर तुम्ही त्यांच्या स्वीय सहायकाला फोन लावत बसाल आणि तो 'साहेब दिल्लीत आहेत' म्हणेल. खासदाराला वर्षाला पाच कोटी स्थानिक विकास निधी असतो. त्यातून सभामंडप मागाल, की केंद्राच्या दारात अडकलेली फाइल हलवून मागाल? बंधारा सभामंडपाच्या पैशात होत नाही, त्यासाठी दिल्लीत कोणीतरी भांडावं लागतं, आणि भांडायला लावायचं काम तुमचं आहे. बट्टी खा ना, कोण नाही म्हणतंय, पण खाताना एकानं तरी उभं राहून विचारा. कोण विचारतो त्याला बसवू तरी नका.

नसेल जमत, तर जूनमध्ये टँकर आला नाही म्हणून माझ्या ओट्यावर येऊन बसू नका.