करकरणाऱ्या खुर्चीच्या दोन ताऱ्यांना दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला, सोबतचा व्हिडिओही पाहिला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही गेल्या दिवाळीत आमच्याकडून जाळीच्या पाठीची खुर्ची ७,८०० रुपयांना नेली. तुमच्या मीटिंगा रात्री, घरून. मागे रेललं की खुर्ची करकरते आणि पलीकडच्या खोलीत बाळ उठतं. तुम्ही आधी खोबरेल तेल सोडलं, मग गंज सोडवायचा स्प्रे मारला. चार दिवस बरं गेलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुकानात फोन केला तर आमच्या मुलाने "बोल्ट आवळून बघा" म्हणून बोळवण केली, खुर्ची बदलून द्यायला नकार दिला. म्हणून माल चायनाचा, दुकान लबाड आणि तारे दोन.

झोपलेलं बाळ उठणं म्हणजे काय असतं ते ठाऊक आहे, त्यामुळे रागाबद्दल तक्रार नाही. पण "बोल्ट आवळा" ही बोळवण नव्हती. आवाज करणाऱ्या खुर्चीवर तो पहिला उपाय आहे, आणि दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच खुर्च्यांना दुसऱ्याची गरजच पडत नाही.

खुर्ची दिसते एक, पण ती जोडांची बनलेली असते. चाकं बेसमध्ये, बेसमध्ये गॅस लिफ्ट (सीट वर-खाली करणारा दांडा), लिफ्टवर मेकॅनिझम (रेलल्यावर सीट मागे झुकवणारा भाग), मेकॅनिझमवर सीटची प्लाय, शिवाय पाठ आणि हात. गच्च आवळलेले दोन भाग एकच असल्यासारखे वागतात. करकर सुरू होते ती जोड किंचित सैल पडला की. दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात, तुमचा भार वाढत जातो, मग ते झटकन सरकतात आणि पुन्हा धरतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा झालं की कानाला सलग सूर ऐकू येतो. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती नेमकं हेच घडावं म्हणून. फक्त तिथे ते हवं असतं.

आता बोल्ट सैल का पडतात, कारण "वर्षभरात सैल झाले म्हणजे बसवतानाच नीट बसवले नव्हते" असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या सीटच्या फोमखाली प्लाय आहे. तिच्यात वरच्या बाजूने टी-नट (लाकडात रुतणारे, आत आटे असलेले नट) ठोकलेले असतात आणि खालून मेकॅनिझमच्या प्लेटमधून चार बोल्ट त्यांत जातात. प्लाय शेवटी लाकूडच, पावसाळ्यात हवेतला ओलावा धरते आणि उन्हाळ्यात सुकते. प्लेटवरच्या पावडर कोटिंगचा थर बोल्टच्या डोक्याखाली दाबला जातो. म्हणजे कुणी हात न लावताही बोल्टचा ताण थोडा उतरतो, आणि एकदा तो उतरला की पुढचं काम आपण स्वतः करतो. दुकानात बसण्याआधी मी भोसरीत एका कारखान्यात असेंब्लीवर होतो, तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली गेली. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की बोल्ट सर्वांत लवकर सुटतो तो उभा ओढल्याने नाही, तर जोड आडवा हलत राहिल्याने. आणि खुर्चीवर बसून माणूस दुसरं काय करतो? एका कुशीवर कलतो, मांडी घालतो, खाली पडलेलं पेन उचलायला वाकतो. सगळे धक्के आडवेच. म्हणून पहिल्या वर्षात एकदा बोल्ट आवळावे लागणं हा मालातला दोष नाही. पन्नास हजारांच्या खुर्चीलाही ते चुकत नाही. तिथे फक्त तुमच्याऐवजी कंपनीचा माणूस येऊन आवळतो.

तुमच्या व्हिडिओत मला दोन वेगळे आवाज ऐकू आले. रेलायला सुरुवात करताना एक आखूड 'कट्', आणि मागे जाताना लांब 'कर्र'. खुर्ची गोल फिरवताना आणि सरकवताना ती शांत आहे. म्हणजे चाकं आणि लिफ्टच्या तळाचं बेअरिंग यातून सुटले. 'कट्' बहुतेक सीटच्या बोल्टचा किंवा पाठीच्या पट्टीचा, आणि 'कर्र' मेकॅनिझमच्या बिजागरीचा.

पण व्हिडिओवर विसंबून राहू नका, कानावरही नको. धातूतून आवाज पळतो. सीटखाली उगम असेल आणि ऐकू मात्र पाठीतून येईल. घरातल्या कुणाला तरी खुर्चीवर बसवा आणि सावकाश मागेपुढे रेलायला सांगा. तुम्ही शेजारी बसून एकेका जोडावर बोटं ठेवा, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. जिथे बोटाखाली कंप लागेल तिथेच रोग आहे. आधी टिल्ट लॉक (खुर्ची मागे झुकू न देणारी कळ) लावून हे करा, मग लॉक सोडून. लॉक लावल्यावरही आवाज आला तर संशय बोल्टवर घ्या, लॉक सोडल्यावरच आला तर बिजागरीवर. बोटं फक्त बाहेरून ठेवायची. मेकॅनिझमच्या फटीत घालाल तर चिमटा बसेल.

बोल्ट आवळताना लोक एक गोष्ट हमखास करतात. पहिला बोल्ट पूर्ण पिळतात, मग दुसरा. त्याने प्लेट एका बाजूला खेचली जाते, बाकीचे बोल्ट तिरके बसतात आणि आवाज हटत नाही. खुर्ची आडवी करा, चारही बोल्ट अर्धा-एक फेरा सैल करा, मग समोरासमोरच्या जोड्या धरून थोडे थोडे आवळत या. पेटीत आलेली ॲलन की पुरते. तिच्यावर पाइप चढवून जोर लावू नका, प्लायमधला टी-नट उपटून येतो. बोल्ट नुसताच गरागरा फिरत राहिला तर तो आधीच उपटला आहे असं समजा. मग कापड आणि फोम सोडून आतून काम करावं लागतं, ते आमच्यावर सोडा.

आवळलेला बोल्ट पुन्हा सुटू नये म्हणून स्प्रिंग वॉशर टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. आडव्या हालचालीच्या चाचणीत तो फारसा टिकत नाही. त्यापेक्षा निळं थ्रेडलॉकर (आट्यांत सुकून बोल्ट धरून ठेवणारं द्रव) घ्या, हार्डवेअरच्या दुकानात छोटी बाटली मिळते. प्रत्येक बोल्टला एक थेंब पुरे. लाल घेऊ नका, तो बोल्ट पुढे सोडवायचा म्हटलं तर तापवावा लागतो. आणि थेंब प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. हातांच्या बोल्टना म्हणूनच मी तो सहसा लावत नाही.

आता तेलाबद्दल, कारण खरा घोळ तिथेच झाला आहे. सैल बोल्टवर तेल हा उपायच नाही. तेलाने दोन भाग गप्प सरकायला लागतात, सरकायचे थांबत नाहीत, आणि सरकत राहिले की बोल्ट आणखी सुटतो. चार दिवस बरं वाटलं ते यामुळे. त्यात खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्यातल्या हिवाळ्याच्या रात्री, नेमक्या तुमच्या मीटिंगच्या वेळी, ते जोडात थिजून बसलेलं असणार. उरलेलं धूळ धरतं आणि चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रे त्याच्या कामाला चांगला आहे, गंजलेला बोल्ट सुटतो, पाणी हटतं. पण तो पातळ असतो, त्यातला बराच भाग उडून जातो, आणि मागे राहणारा थर भार सोसणाऱ्या बिजागरीला पुरत नाही. शिवाय आत असलेलं कारखान्यातलं ग्रीस तो धुऊन काढतो. म्हणजे आज तुमच्या बिजागरीत मूळ ग्रीस नाही आणि चिकट खोबरेल आहे. आता तिथे आणखी काही मारू नका, एवढी विनंती.

तिथे हवं असतं पांढरं लिथियम ग्रीस, जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे. नायलॉनच्या बुशावर (पिनभोवतीच्या नळीवर) सिलिकॉन स्प्रे. आधी जुना चिकटा कापडाने पुसून काढायचा, नाहीतर नवं ग्रीस त्याच्यावरच बसतं. ग्रीस लावायच्या जागा दोन. एक, ज्या पिनवर सीट मागे झुकते तिची दोन्ही टोकं. दुसरी, आतली जाड स्प्रिंग प्लेटला जिथे टेकते ती जागा, आणि ही बहुतेक जण विसरतात. सीटखालचा मोठा नॉब आहे ना, तो या स्प्रिंगचा ताण ठरवतो. काम करण्याआधी तो उलटा फिरवून ताण उतरवा. नंतर आपल्या वजनाला बेताचा ठेवा. नॉब अगदी सैल राहिला तर रेलताना स्प्रिंगच आपटते, तोही 'कट्'चा एक उगम असू शकतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर गॅस लिफ्टकडे बघायचं. बाजारात तिला सगळे हायड्रॉलिक म्हणतात, पण आत दाबलेला नायट्रोजन असतो. ती दोन्ही टोकांना निमुळती असते आणि खाली बेसमध्ये, वर मेकॅनिझममध्ये नुसती घट्ट रुतून बसते, तिथे बोल्ट नाही. त्या निमुळत्या भागात धूळ किंवा गंज शिरला की कलताना चुरचुर आवाज येतो. उपाय म्हणजे रबरी हातोडीने जोड सोडवून दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसणं आणि परत बसवणं. आम्ही तिथे तेल-ग्रीस लावत नाही, कारण तो जोड घर्षणावरच धरलेला असतो. हे घरी करू नका असं मी सांगेन. पाइप पाना चुकून लिफ्टच्या चकचकीत दांड्यावर लागला तर ओरखडा पडतो, त्या ओरखड्याने सील कापतं आणि मग सीट आपोआप खाली बसायला लागते. लिफ्ट तापवणं, भोक पाडणं, वेल्डिंग करणं तर कधीच नाही.

फिरवताना खरखर येणाऱ्यांसाठी (हे तुमच्यासाठी नाही, ताई) सांगायचं तर ते लिफ्टच्या तळाचं बेअरिंग कोरडं पडलेलं असतं. चाकं कुरकुरत असतील तर उपटून त्यातले केस काढा, आणि फिनाइलच्या पाण्याने फरशी पुसल्यावर ओल्यावर खुर्ची ओढू नका, चाकाची पिन गंजते.

राहिला खुर्ची बदलून देण्याचा मुद्दा. बिलाच्या मागे छापलं आहे त्याप्रमाणे गॅस लिफ्ट आणि मेकॅनिझमला तीन वर्षं, बाकीच्याला एक वर्ष वॉरंटी आहे, आणि ती भाग मोडला किंवा निकामी झाला तर. मेकॅनिझम उघडल्यावर पिन झिजलेली किंवा प्लेट तडकलेली दिसली तर नवं मेकॅनिझम विनामूल्य बसवून देऊ, त्यावर वाद नाही. पण सैल बोल्ट आणि धुऊन गेलेलं ग्रीस यासाठी आख्खी खुर्ची बदलली, तर दुसरी खुर्चीही पुढच्या पावसाळ्यानंतर हेच करील आणि तुम्ही पुन्हा मलाच नावं ठेवाल. चायनाबद्दल म्हणाल, तर लिफ्ट आणि मेकॅनिझम तिथूनच आलेलं आहे. विकताना तसं सांगितलं होतं आणि बिलावरही लिहिलं आहे. जाळी आणि जुळणी इथली. ७,८०० रुपयांत प्लायची सीट आणि पत्र्याचं मेकॅनिझम येतं. ॲल्युमिनियमची सीट-प्लेट हवी असेल तर किंमत दुपटीच्या पुढे जाते, तेव्हाही हेच सांगितलं होतं. तुम्ही ग्राहक मंचात जायचं म्हणता. त्याला आता जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात, आणि तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधी एकदा खुर्ची बघू द्या.

आमचा कारागीर तुमच्या घरी येईल, वॉरंटीत असल्याने येण्याचे पैसे नाहीत. चिकटा साफ करणं, ग्रीस भरणं आणि बोल्ट आवळणं, हे सगळं तुमच्या समोर होईल. तुम्ही बसून, रेलून बघा आणि समाधान झालं तरच त्याच्या कागदावर सही करा. बाळाच्या झोपेची वेळ टाळून यायचं आहे, तेव्हा कोणती वेळ चालेल ते दुकानाच्या नंबरवर कळवा. तारे दोनच ठेवले तरी चालतील, फक्त कारागीर येऊन गेल्यावर काय झालं ते इथे खाली लिहा. खुर्ची करकरते म्हणून हे पान वाचणाऱ्या पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल. ॲलन की हरवली असेल तर दुकानातून एक घेऊन जा. दुकान दुपारीही उघडं असतं.