'टाच लावून ओढा, खांदा बसतो' म्हणे!

काल ताईने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: 'खांदा निखळला तर काखेत टाच रोवून हात जोरात ओढा, बसतो. ऑपरेशन केलं तरी परत निखळतोच. स्क्रू टाकला की हात जन्मभर वर जात नाही.' खाली भाच्याचा अंगठा. पोरगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो, यंदा उजवा खांदा तीनदा निखळलाय. मग गप्प कसं बसणार?

आधी ती टाच. खांद्याच्या सांध्याला अगदी खालून लागून संवेदना वाहणारी एक नस (मज्जातंतू) दंडाकडे जाते. खांदा निखळला की ती आधीच ताणलेली असते, त्यात तुम्ही हिसका देणार. दुसऱ्या वेळी मैदानावर पोरांनी असाच ओढून बसवला होता. त्या रात्री याच्या दंडावर, बाहेरच्या बाजूला, मी बोट फिरवलं तर याला कळेना. तळहाताएवढी जागा बधिर. दीड महिना तशीच होती. हाड मोडलेलं असेल तर ओढल्यावर तुकडा आणखी सरकतो. म्हणून आधी एक्स-रे, मग डॉक्टरांच्या हातून, दुखणं कमी करणारं औषध देऊन बसवायचा.

'परत निखळतोच' हे तर धादांत चुकीचं. दंडाच्या हाडाचा गोळा ज्या खोलगट भागात बसतो ती खांद्याची वाटी; तिची फाटलेली कड दुर्बिणीतून शिवतात, ती बँकार्ट शस्त्रक्रिया. वाटीचं हाडच झिजलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही. बर्कहार्ट आणि डी बीअर या सर्जननी २००० साली बँकार्टच्या १९४ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. हाडाची मोठी झीज असलेल्या २१ पैकी १४ खांदे परत सुटले, बाकीच्या १७३ पैकी फक्त ७. झिजलेल्यांसाठी लॅटार्जे ही शस्त्रक्रिया आहे, १९५४ पासून: शेजारच्या हाडाचा तुकडा स्नायूसकट वाटीच्या कडेला स्क्रूने बसवतात. दंडाच्या हाडाच्या गोळ्याला खोल खाच पडली असेल तर तीही बुजवता येते.

हात वर जातो. बाहेरच्या बाजूला फिरवताना थोडा कमी पडू शकतो, एवढं मात्र खरं. आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच निखळला असेल तर पुष्कळांचं झोळी आणि व्यायामावर भागतं, हेही मान्य. पण आपला पोरगा त्यांतला नाही.

ताई, सोमवारी मी येतो. सीटी स्कॅन काढू आणि वाटीची कड किती झिजलीय ते मोजून सांगा म्हणून डॉक्टरांना विचारू. तोवर त्याला मैदानावर पाठवू नकोस.