पाहणीला श्रावणात जावं

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं मूल्यमापन करायचं काम मिळालं? अभिनंदन. आधी ऑफिस बघा. पुण्यात सेनापती बापट रस्त्यासारखी जागा नाही. ज्यांनी १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहात उडी घेतली, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर एसीत बसून ‘धरणग्रस्त समाधानी आहेत’ असं टाइप करायला एक वेगळीच लय सापडते. नळाला पाणी पानशेत-वरसगावचं. त्या पाण्याखाली कुणाची शेतं होती हा विषय आपल्या कार्यकक्षेत येत नाही.

पायाभूत पाहणी, म्हणजे लोकांची मूळ परिस्थिती नोंदवणं, लोक गावातून उठून गेल्यावरच करा. आधी केलीत तर कुणाच्या गोठ्यात किती म्हशी होत्या, रानातून किती हिरडा यायचा, हे सगळं कागदावर येतं आणि मग पुढे त्याचा हिशेब लागतो. उशिरा केलीत की पत्र्याची खोली हीच सुरुवात. तिथून पुढे प्रगतीच प्रगती.

पुनर्वसित गावठाणासाठी सरकारनं अठरा नागरी सुविधा ठरवून दिल्यात, त्या देवासारख्या धरून ठेवा. शाळा आहे? टिक. समाजमंदिर? टिक. नळ? टिक. नळाला पाणी येतं का, हा एकोणिसावा प्रश्न झाला. मायकल सेर्निया नावाच्या समाजशास्त्रज्ञानं विस्थापनाचे आठ धोके सांगितलेत. त्यात जमीन, काम, घर जाण्याबरोबर सामाईक रान-पाणी तुटणं आणि माणसांची आपसातली वीण उसवणं हेही येतं. विद्वान माणूस, पण आपल्या एक्सेलमध्ये ‘वीण’ नावाचा रकाना नाही.

पर्यायी जमीन हवी तर मोबदल्यातली पासष्ट टक्के रक्कम आधी भरा, असा राज्याच्या कायद्याचा नियम. मोबदल्यात पोरीचं लग्न उरकून बसलेल्यांना ‘जमिनीची मागणी नाही’ या गटात घाला. आकडा लगेच देखणा दिसतो.

गटचर्चेत तलाठी भाऊसाहेबांना मधोमध बसवा. ‘चाललंय बरं’ हे उत्तर ‘समाधानी’ म्हणून नोंदवा. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात, सिंचन प्रकल्पात बुडित येण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण हवं, असं लिहिलंय. घाबरायचं कारण नाही, ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे तुमच्याच हातात आहे. फक्त सरदार सरोवराच्या वेळचा वेडेपणा करू नका. जागतिक बँकेनं नेमलेल्या स्वतंत्र समितीनं १९९२ साली पुनर्वसनाचं खरं काय ते लिहून टाकलं आणि पुढच्याच वर्षी उरलेलं कर्ज रद्द झालं. तुम्हाला पुढचंही काम हवंय ना?

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्षेत्रभेट उन्हाळ्यात ठेवू नका, निदान इंदापूरकडे तरी नको. मे महिन्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. मग चार दशकांपूर्वी ‘पुनर्वसित’ झालेली म्हातारी माणसं चिखल तुडवत तिथवर जातात आणि तुमच्यासारखा कुणी दिसला की हाताला धरून दाखवतात: हा पार, ही वेस, हे आमच्या घराचं जोतं. हे ऐकताना फॉर्म भरता येत नाही.

श्रावणात जा. पाणी काठोकाठ असतं, फोटो फार सुंदर येतात.