‘उगाच बाऊ केलाय’ या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता (तुम्हीच घेतलेलं नाव, म्हणून तेच वापरतो),

परदेशात लग्न करताना लागणाऱ्या कागदपत्रांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘उगाच बाऊ केलाय. जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला, दोन्हींवर अपॉस्टिल मारून घ्या, जगात कुठेही लग्न लागतं. स्वतःला जमलं नाही की लोक लेख पाडतात. घटस्फोटितांबद्दल अवाक्षर नाही.’

‘पाडतात’! मतभेद असावेत, त्याला माझी ना नाही. पण फुकट मिळालेल्या माहितीला आधी नाक मुरडायचं आणि मग ती वाचायची (वाचली असेल तर), याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. बरं, शीर्षकातला ‘अग्निदिव्य’ हा शब्द भडक होता, हे मान्य. तो काढतो.

आता तुमचं ते ‘जगात कुठेही’. अपॉस्टिल हे 1961 च्या हेग करारानुसार मिळणारं प्रमाणपत्र. कागदावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे, एवढंच ते सांगतं. आतला मजकूर खरा आहे की नाही, किंवा त्यावर तुमचं लग्न लावावं की नाही, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. आणि दोन्ही देशांत करार लागू असेल तरच ते चालतं. चीनमध्ये तो नोव्हेंबर 2023 मध्ये लागू झाला, कॅनडात जानेवारी 2024 मध्ये.

खरी गोम पुढे आहे. इटलीच्या नागरी संहितेचं कलम 116 परदेशी वराकडून किंवा वधूकडून स्वतःच्या देशाचा ना-हरकत दाखला मागतं. तो बहुधा त्या देशाची इटलीतली वकिलातच देते. आणि वकिलातींनी दिलेले कागद हेग कराराने पहिल्याच कलमात वगळलेत! म्हणजे तुमचा रामबाण उपाय नेमका त्याच कागदाला चालत नाही. मी स्वतः इटलीत लग्न केलंय, साहेब. तुमच्यासारख्याच एका जाणत्याने ‘अपॉस्टिल मार, मोकळा हो’ म्हणून सांगितलं होतं आणि मी तो दाखला घेऊन नको त्या दारात उभा होतो. त्यावरची वकिलातीची सही प्रमाणित होते ती प्रेफेत्तुरात, म्हणजे इटलीच्या केंद्र सरकारच्या जिल्हा कार्यालयात. तिथे मला ‘स्वतःला जमलं नाही’ असं कोणी म्हणालं नाही. योग्य खिडकी दाखवली. आणि हो, जमलं. बायको आत्ता शेजारी बसून ‘एवढं लांबलचक उत्तर कशाला’ म्हणतेय.

जर्मनीचं तर विचारूच नका. तिथे मायदेशाकडून विवाहपात्रतेचा दाखला लागतो, आणि पुष्कळ देश असा दाखला देतच नाहीत. मग तिथल्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट घ्यावी लागते आणि ती सहा महिनेच टिकते. जो कागद मुळात अस्तित्वातच नाही, त्याच्यावर अपॉस्टिल कुठे मारणार ते कळवा. या कटकटीला कंटाळून जर्मनीतली कितीतरी जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. तीही उगाच बाऊ करणारीच असणार!

अमेरिकेचं केंद्र सरकारही असा दाखला देत नाही. तिथला नागरिक आपण लग्नाला मोकळे आहोत असं स्वतःच शपथेवर लिहून देतो, आणि ते चालतं की नाही हे समोरचा देश ठरवतो. ही ओळ मूळ लेखात होती. तिसरा परिच्छेद.

घटस्फोटितांचा विषय वेगळा आहे. एका देशातला हुकूमनामा दुसऱ्या देशाने मानायचा की नाही, हा तिथे आधीचा प्रश्न असतो. लिहीन तेव्हा लिहीन.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी ‘खात्रीशीर काम’ करणाऱ्या एका एजंटाचा फोन नंबर होता. तो मी काढून टाकला आहे. बाकी प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे.