सपाटीवरचा घाट

हरिद्वारहून काशीला सायकलने जायचं म्हटलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "अहो, सगळं सपाट तर आहे!" असं म्हणणाऱ्याने एखादवेळी खंबाटकी चढलेला असतो, पण सपाटीवर सलग पाच तास पायडल मारलेलं नसतं. हरिद्वार समुद्रसपाटीपासून ३१४ मीटरवर, काशी ८०च्या आसपास आणि मधे कालव्याच्या नि गंगेच्या कडेकडेने जाणारा साधारण ९०० किलोमीटरचा रस्ता. हिशेब केला तर किलोमीटरमागे उतार येतो वीतभर. तो फक्त पाण्याला कळतो, सायकलला कळत नाही.

घाटात तासभर चढलं की नंतर उतार मिळतो. उतारावर पायडलवर उभं राहून बूड हवेत धरता येतं, वारा लागतो, माणूस स्वतःला तरुण समजतो. इथे पायडल थांबवलं की सायकलही थांबते. बसण्याची ढब बदलायला कारणच नसतं. त्यामुळे साठी ओलांडलेल्या जोडप्याचं या रस्त्यावर जे दुखतं त्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही. घरून फोन आला की "पाय दुखतात हो थोडे" असं सांगायचं.

आमच्या ह्यांचा यावरचा उपाय म्हणजे जेलचं मऊ सीट कव्हर. दुकानात दाबून बघताना ते फार छान लागतं. तासाभराने बसायची दोन हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला फुगवटा नको तिथे वर येतो. सीट टणकच हवी, फक्त आपल्या हाडांएवढी रुंद हवी, आणि मऊपणा चड्डीत हवा. पॅडच्या सायकलिंग शॉर्ट्‌सच्या आत दुसरं काहीही घालायचं नाही, कारण शिवणच घासते. हे वाक्य सभ्य घरातल्या पुरुषाला पटवायला मुझफ्फरनगर येतं. घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावायचं आणि शॉर्ट्‌स रोज धुवायच्या. फेब्रुवारीच्या दमट रात्री जाड पॅड काही वाळत नाही, म्हणून माणशी तीन जोड लागतात. त्यातला एक कायम कॅरियरवर चिमटे लावून वाळत असतो. अर्धा उत्तर प्रदेश आपली ओळख त्या चड्डीवरूनच ठेवतो. शिवाय दर पाच किलोमीटरच्या दगडाला दोघांनी पायडलवर उभं राहून दहा आकडे मोजायचे. दुःख पन्नास टक्क्यांनी कमी होतं. उरलेले पन्नास सोसायचे.

सीटच्या उंचीवरून संसारात जेवढे वाद होतात तेवढे सुनेवरूनही होत नसतील. साठीनंतर प्रत्येकाला वाटतं की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तेवढी खाली सीट ठेवली की गुडघा पुढून धरतो. टाच पायडलवर ठेवून ते सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. पुढून दुखलं तर सीट अर्धा सेंटिमीटर वर, मागून दुखलं तर तेवढीच खाली, याहून जास्त एका दिवसात नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं. आणि गिअर हलका ठेवून मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारायचे. जड गिअरवर कण्हत जाणं हे पौरुषाचं लक्षण आहे असं मानणाऱ्यांसाठी वाटेत कानपूरला ऑर्थोपेडिक डॉक्टर भरपूर आहेत.

काळ निवडताना पंचांग आणि हवामान दोन्ही बघावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की पुढची सायकल नवऱ्याची की परक्याची हे आवाजावरून ओळखावं लागतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पश्चिमेकडे पराळीचा, म्हणजे शेतात जाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा, धूर, एप्रिलपासून लू. उत्तरेकडच्या श्रावणात कालव्याच्या रस्त्यावर गंगाजल नेणारे लाखो कांवडिये. राहिला वसंत पंचमी ते होळी हा तुकडा. मोहरी पिवळी, गहू हिरवा, आणि वारा पश्चिमेचा, ज्याला तिकडे पछुआ म्हणतात. म्हणूनच हरिद्वारहून काशीला जायचं, काशीहून हरिद्वारला नाही. सकाळी अकरानंतर ऊन चढलं की तो पाठीवर घेतो. कधी दोन-तीन दिवस हवा फिरते आणि समोरून पुरवा सुटतो. मग ताशी पंधराचे दहा होतात. अशा वेळी एकाने पुढे, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून जायचं आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल करायची. मागच्याला वारा कमी लागतो. पुढच्याला मागचं बोलणं ऐकू येत नाही. आमचे हे पुढे राहायला इतके उत्सुक का असतात ते सांगायला नको. एरवी, वारा नसताना, हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं हा नियम. नाहीतर वेगवान माणूस तासाने थांबून झाडाखाली ताजातवाना होतो आणि दुसरा पोचला की "चला निघू या" म्हणतो.

आता चाकाबद्दल, कारण इथेच बहुतेकांची काशी होते. पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या छान हायब्रिड सायकलींना ७००सीची चाकं आणि पातळ प्रेस्टा वॉल्व्ह असतो. कासगंज-फर्रुखाबाद पट्ट्यातल्या पंक्चरवाल्याकडे दोन जातींच्या ट्यूब असतात. साध्या काळ्या सायकलची अठ्ठावीस इंची, वॉलट्यूब लावायच्या वॉल्व्हची, आणि पोरांच्या रेंजर सायकलची सव्वीस इंची. अठ्ठावीसचा टायर आपल्या रिमवर बसत नाही, कारण तो ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमचा आणि आपली रिम ६२२ची. ट्यूब मात्र चालू शकते, पण तिचा जाड वॉल्व्ह प्रेस्टाच्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकातून जात नाही. मग पंक्चरवाला गरम सळई आणायला आत जातो. त्याला थांबवायचं. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे दोघांच्याही सायकली सव्वीस इंची घ्यायच्या, पावणेदोन इंची गुळगुळीत टायर आणि मोटरसायकलसारखा वॉल्व्ह. दिसायला गबाळ्या दिसतात, पण वाटेतल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात टायर-ट्यूब मिळते. दोन सायकली एकाच मापाच्या असल्या की सुटे भाग निम्मे. हवा मागे साधारण ५५, पुढे ४५ पौंड. ट्रकवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरू देऊ नये. तो हौसेने भरतो आणि ट्यूब तितक्याच हौसेने फुटते.

पंक्चर दोन कारणांनी होतं. कालव्याकाठी विलायती बाभळीचा काटा, आणि हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधून गळलेली केसाएवढी पोलादी तार. काटा दिसतो. तार दिसत नाही, ती टायरमध्येच बसून राहते आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत खाते. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापूस अडकेल तिथे तार, ती भुवयांच्या चिमट्याने ओढायची. हा चिमटा सामानाच्या यादीत लिहिला की हे हसतात. खतौलीच्या पुढे हसत नाहीत. सोल्यूशन लावल्यावर पाच मिनिटं थांबायचं, ओलेपणा गेला की मगच ठिगळ. पाच मिनिटं गप्प बसणं ही निवृत्त अधिकाऱ्याला सगळ्यात अवघड पायरी आहे.

दुसरं दुखणं स्पोकचं. तुटतो तो मागच्या चाकाचा, उजव्या बाजूचा, हबजवळच्या वाकणात, कारण वजन सगळं मागे आणि गिअरमुळे त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या. बदलायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचा चक्रांचा जुडगा, काढावी लागते आणि ते हत्यार गावात नसतं. तेव्हा तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळायचा, त्याच्या आजूबाजूचे डावीकडचे दोन अर्धा-अर्धा आटा सैल करायचे, मागचा ब्रेक जरा ढिला करायचा आणि पुढच्या शहरात चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, नीट काढून घ्यायचा. मुळात माणशी दहा-बारा किलोच्या वर सामान नेऊच नये, आणि त्यातलं चार किलो पुढच्या चाकावर टाकावं. "अर्धा किलो चकली आणि मेतकूट" हे औषधांत धरलं जाणार नाही, हे निघण्याआधीच स्पष्ट केलेलं बरं. खरी औषधं मात्र दोन पिशव्यांत विभागायची, एक याच्याकडे, एक तिच्याकडे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, साखरेच्या काही गोळ्या मेहनतीने जास्तच लागू पडतात, म्हणून डॉक्टरांना आधी विचारायचं आणि खिशात ग्लुकोज ठेवायचं. हापशाचं पाणी चालतं, लाल खूण केलेल्या हापशाचं नाही.

हरिद्वारपासून खतौलीपर्यंत कालव्याच्या काठावरच्या पटरीसारखा रस्ता नाही. झाडी, पाणी, रहदारी बेताची. रुडकीजवळ १८५४ साली सुरू झालेला गंगेचा हा कालवा सोलानी नदीच्या डोक्यावरून जातो, काठावर दगडी सिंह. ज्याने सिव्हिल इंजिनिअरिंग केलंय त्या नवऱ्याला इथे तासभर सोडून द्यावं. पुढे कासगंजजवळ नदरईला पुन्हा तोच प्रकार, खाली काली नदी, वर कालवा. तिथे दोन तास धरावेत.

पटरी संपली की ऊस सुरू होतो. उसाच्या ट्रॉल्या रुंदीला रस्त्याएवढ्या, मागे दिवा नाही आणि वेग आपल्याएवढाच. तिच्या आडोशाने गेलं की वारा लागत नाही, हा मोह फार वाईट. वरून ऊस घसरतो, आणि ट्रॉली थांबते तेव्हा ती कुणाला सांगून थांबत नाही. गावांतून खडंजा लागतो. विटा उभ्या घालून केलेला हा रस्ता दाताची कवळी आणि कॅरियरचे नट एकाच वेळी सैल करतो. रोज संध्याकाळी नट आवळायचे. गंगा ओलांडायला पीपा पूल, म्हणजे तरंगत्या पिंपांवरचा पूल, लागला तर उतरून चालायचं. लोखंडी पत्र्यांच्या फटी चाकाच्या दिशेनेच असतात आणि पलीकडे वाळू असते. एक्स्प्रेसवेवर सायकलला मज्जाव, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मोकाट सांड मात्र सगळ्या रस्त्यांवर, त्याला नेहमी मागच्या बाजूने ओलांडायचं.

मुक्कामाचं एक महत्त्वाचं. तिकडे "गेस्ट हाउस" अशी पाटी दिसली की दमलेल्या माणसाने आनंदाने आत शिरू नये. ते बहुतेक वेळा लग्नाचं कार्यालय निघतं. फेब्रुवारीत मुहूर्त दाट असतात, आणि खोली मिळालीच तर डीजेसकट मिळते. हॉटेल किंवा धर्मशाळा विचारायची, दोघांच्या आधारच्या चार-चार झेरॉक्स ठेवायच्या, आणि सायकली खोलीतच घेतो असं खोली बघायच्या आधी ठरवायचं.

लोक थांबवतात. चहा पाजतात, पैसे घेत नाहीत. कुल्हड एवढासा असतो, म्हणून माणशी दोन धरावेत. प्रश्न ठरलेले. "कहाँ से आ रहे हैं बाबूजी?" "सरकार पैसा देती है?" "कितने की है?" मग आवाज खाली आणून मला, "माताजी, बेटे नहीं हैं क्या?" आहेत, दोन आहेत, चांगले आहेत असं सांगून काही उपयोग नसतो. मुलगे असून आईबाप सायकलवर, म्हणजे मुलगे कसे ते त्यांनी ओळखलेलं असतं. "काशी जी जा रहे हैं" म्हटलं की मात्र सगळं बदलतं. लगेच गूळ येतो, पेरू येतात, वाट दाखवायला मोटरसायकल पुढे येते.

बिठूरला एक दिवस थांबावं. दुसरा बाजीराव राज्य गमावून १८१८ नंतर इथे आला, वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन १८५१ पर्यंत राहिला. आमच्या ह्यांचा पेशवाईच्या ऱ्हासाबद्दल अभ्यास मोठा आहे, पण इथे ते फक्त पेन्शनच्या आकड्यापाशी थांबतात.

प्रयागला सवाष्णीने वेणीदान करायची आपल्याकडची जुनी रीत. नवऱ्याने बायकोची वेणी घालायची, टोक कापून संगमात सोडायचं. हेल्मेटखाली इतके दिवस घाम आणि धूळ मुरलेले केस, आणि ज्याला उतरलेली चेन बसवता येत नाही त्याच्या हाती कंगवा. गुरुजींना घाई असते, त्यांना सांगून ठेवावं. माघ मेळ्यात मोठ्या स्नानाच्या दिवसाच्या आसपास मात्र शहरात शिरू नये, रस्ते वळवलेले असतात.

पुढचे १२० किलोमीटर दोन दिवसांत करायचे. काशीत पोचल्यावर दशाश्वमेध घाटावर सायकलीसकट फोटो हवा असतो. त्यासाठी चौदा-पंधरा किलोची सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतराव्या लागतात, मग चढाव्याही लागतात. गल्ल्यांत हँडल नि सांड एकदम मावत नाहीत. सायकली कॅन्टोन्मेंटकडच्या हॉटेलात ठेवून ई-रिक्षाने जावं.

परतीला सायकली आपल्या तिकिटावर लगेज म्हणून रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमध्ये टाकायच्या. दोन तास आधी पार्सल ऑफिसला पोचायचं. आरसा, दिवे, पंप, बाटल्या काढून घ्यायच्या. मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चक्रावर ठेवायचा, म्हणजे डिरेलर (चेन हलवणारा मागचा दांडा) आत सरकतो आणि हमालाच्या पायाखाली येत नाही. पायडल काढायची, त्यातलं डावं उलट्या आट्याचं. आमचे हे ते जोर लावून काढायला जातात आणि आणखी घट्ट करून ठेवतात, म्हणून पाना माझ्याकडे. गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधायचं, दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत नाव, फोन, गाडी नंबर, उतरायचं स्टेशन. दोन्ही सायकली एकाच गाडीत चढतीलच याची खात्री कुणी देत नाही, तेव्हा पावत्या दोन वेगळ्या करायच्या आणि आधी माझी करायची.