अँटीव्हायरस बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

मंगळवारी भर दुपारी मावसभावाचा फोन. जिंतूर तालुक्यात त्याचं सीएससी सेंटर आहे, पीक विम्याची गर्दी, दारात चपलांचा ढीग, आणि हा मला विचारतोय, "दादा, रजिस्ट्रीत एक टाकायचं का शून्य? अँटीव्हायरस कायमचं बंद करायलो." कामून रे म्हणलं, तर म्हणे मशीन लई स्लो चालायलीय, मधीच पंखा फुरफुर करतोय, आणि सेंटरवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज आलाय. तो मेसेज मला पण दोनदा आला होता, हसून सोडून दिला होता. ती माझी चूक झाली, आता सोडत नाही.

ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मथळा 'कॉम्प्युटरमधला चोर ओळखा', खाली लाल गोळे टाकून पाच मुद्दे. पहिला, टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी) 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं म्हणजे तो व्हायरस. दुसरा, व्हायरस अँटीव्हायरस कंपन्याच बनवतात. तिसरा, बॅकग्राउंड स्कॅन म्हणजे तुमचे फोटो आणि आधार परदेशात जायलेत. चौथा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची वही) 'डिसेबल अँटीस्पायवेअर' नावाची व्हॅल्यू १ करा, कायमची कटकट संपली. पाचवा, अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये टाका आणि खालच्या लिंकवरून स्पीड बूस्टर घ्या, पासवर्ड १२३४. शेवटी दोन हात जोडलेले आणि 'गरजूंपर्यंत पोचवा'.

मी पाचव्यापासून सुरू करतो. बाकीचे चार अर्धवट माहितीवर लिहिलेत, पाचवा मात्र कुणीतरी पूर्ण डोकं लावून लिहिलाय.

एक्सक्लुजन म्हणजे वॉचमनला सांगायचं की ह्या खोलीकडं बघू नको. आता सी ड्राइव्हमध्ये काय काय असतं बघा, विंडोज तिथं, सगळे प्रोग्राम तिथं, डेस्कटॉप तिथं, डाउनलोडचं फोल्डर तिथं, म्हणजे वॉचमनला पगार चालू ठेवून अख्ख्या वाड्याकडं पाठ करून बसवलं. आणि वाईट असं की खाली कोपऱ्यातली हिरवी टिक तशीच राहते, त्यामुळं माणूस निवांत असतो. मालवेअरवाले आत शिरले की अगोदर हेच करायला बघतात, पॉवरशेलमध्ये (विंडोजला लिहून हुकूम द्यायची खिडकी) एक ओळ चालवून आपलं फोल्डर एक्सक्लुजनमध्ये घालतात, पण त्याला ॲडमिनची परवानगी लागते. इथं ती परवानगी तुम्ही स्वतः देणार, वर 'गरजूंपर्यंत' पोचवणार पण.

मग तो पासवर्ड. फुकटच्या टूलच्या झिप फाईलला पासवर्ड कशाला लागतोय, विचारलं का कुणी? पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला बघता येत नाही म्हणून. फाईल बंद असताना ती तपासता येत नाही, उघडून बाहेर काढली की तपासणार, पण तोवर तुम्ही सी ड्राइव्ह माफ करून बसलेले. दोन्ही गोष्टी एकाच मुद्द्यात शेजारी शेजारी लिहिल्यात ते काय उगीच नाही.

फोनवरच भावाला म्हणलं, विंडोज सिक्युरिटी उघड, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली शेवटी एक्सक्लुजन्स, काय दिसतंय वाच. तो वाचायला लागला, "सी... दोन टिंबं... आडवी काडी." म्हणजे टाकून मोकळा झाला होता. झिप? उतरवली होती, उघडणार तेवढ्यात लाईट गेली. लाईट गेली म्हणून वाचलेला मराठवाड्यातला पहिला माणूस हाच असेल. त्याच्या मशीनला अंगठ्याचं यंत्र लावलेलं, डाउनलोडमध्ये गावातल्या लोकांचे आधार, पासबुकचे फोटो, सातबारे, सगळं तसंच पडलेलं. गेलं असतं तर त्याचं एकट्याचं गेलं नसतं.

ज्यांनी आधीच हे केलंय त्यांनी एक्सक्लुजनमधली ती ओळ काढा, झिप न उघडता डिलीट करा. उघडली असेल तर मशीनचं नेट तोडा, स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन चालवा (मशीन रीस्टार्ट होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात, घाबरू नका) आणि बँकेचे, पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. त्याच मशीनवरून बदलून उपयोग नाही.

चौथा मुद्दा, रजिस्ट्रीचा. हे मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलंय की डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) ऑगस्ट २०२० च्या अपडेटपासून घरच्या विंडोजवर ही व्हॅल्यू बघितलीच जात नाही. एक टाका, शून्य टाका, एकशे आठ टाका. मेसेज लिहिणाऱ्यानं कुठला तरी जुना व्हिडिओ बघून खरडलंय.

पहिला. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजबरोबर येणारा डिफेंडरच. शंका असली तर त्याच्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' करा, प्रोग्रामडेटामधल्या विंडोज डिफेंडरच्या फोल्डरात घेऊन गेला तर तो घरचा आहे. टेम्पमध्ये नाहीतर डाउनलोडमध्ये घेऊन गेला तर मात्र कुणीतरी त्याचं नाव लावून बसलंय, तेवढ्यापुरता मेसेज खरा धरा.

दुसरा. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन', साल १९८६, लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यांचं मेडिकलचं सॉफ्टवेअर लोक फुकट कॉपी करायचे म्हणून, आणि बिचाऱ्यांनी व्हायरसच्या आत स्वतःच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. मॅकॅफीची कंपनी निघाली १९८७ ला. आधी उंदीर आला, मग पिंजरा.

तिसऱ्यात मला नाइलाजानं थोडं मान्य करावं लागतंय. अव्हास्टनं खरंच लोकांचा ब्राउझिंगचा डेटा 'जंपशॉट' नावाच्या पोटकंपनीतून विकला होता, २०२० ला ते उघडं पडलं आणि २०२४ ला अमेरिकेच्या ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे फुकटच्या अँटीव्हायरसवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण तो डेटा ब्राउझरमधला, स्कॅनचा त्याच्याशी संबंध नाही. स्कॅन फाईल तुमच्याच मशीनवर वाचतो. डिफेंडर संशयास्पद फाईलचा नमुना कंपनीकडं पाठवू शकतो हे खरंय, पण मूळ सेटिंगला खाजगी माहिती असेलसं वाटलं तर आधी विचारतो, आणि नकोच असेल तर 'ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन' बंद करायचं बटण तिथंच आहे. त्यासाठी अख्खा अँटीव्हायरस मारायची गरज नाही.

आता मशीन स्लो का, ते तर मेसेजमध्ये कुठंच नाही. बुधवारी मी गाडी काढून गेलो. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, क्रोमला तेवीस टॅब. विंडोजचं ऑटोमॅटिक मेंटेनन्स मूळ सेटिंगला रात्री २ वाजता असतं, स्कॅन त्यातच धरलेला. रात्री २ ला जिंतूर तालुक्यात कुठली मशीन चालू राहती? हा तर बोर्डच बंद करून घरी जातो. मग ते राहिलेलं काम विंडोज दिवसा, मशीन रिकामी सापडली की उरकायला घेतं. हा चहाला गेला की मशीन रिकामी, स्कॅन चालू, हा परत येऊन माउस हलवतो, जुन्या डिस्कला आवरायला वेळ लागतो, आणि समोर म्हातारं विम्याचा कागद धरून उभं. त्यात कधीकाळी कुणीतरी टाकून दिलेला दुसरा अँटीव्हायरस, मुदत संपलेला, तो पण त्याच्या वेळेला स्कॅन करायचा. तो आधी काढला.

मग टास्क शेड्युलर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर, 'शेड्युल्ड स्कॅन', प्रॉपर्टीज, ट्रिगरमध्ये आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी १ ला, तेव्हा तो घरी भाकरी खायला जातो आणि मशीन चालू ठेवायचं कबूल केलंय. स्कॅनला प्रोसेसर किती वापरू द्यायचा हा आकडा पण असतो, मूळचा ५० टक्के असतो, पॉवरशेलमधून २० केला. स्कॅनला वेळ जास्त लागेल, लागू दे. तरी खरं औषध एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), ती मी पुढच्या खेपेला घेऊन जाणार आहे, पैसे विम्याचं कमिशन आल्यावर देतो म्हणलाय.

सगळं झालं, पंखा गप बसला, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० वरून ६ टक्क्यावर आली. विम्याचं पोर्टल उघडलं तर गोल चक्कर फिरायलंय ते फिरायलंयच. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. म्हणलं, बाबा, तो त्यांचा सर्व्हर आहे.