डाएटचा डबा लावताय? आधी स्वयंपाकघरात वजनकाटा आणा

वजन कमी करण्यासाठी तयार जेवणाचा डबा लावावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असतं: जरूर लावा, पण सहा आठवड्यांपुरता, आणि दिवसातल्या दोन जेवणांपुरता. घरी शिजवलेल्या अन्नानेही वजन तितकंच उतरतं. डब्याचे पैसे आपण देतो ते मोजून वाढण्याचे. भुकेच्या वेळी पातेल्यासमोर उभं राहून ‘किती घेऊ’ हे ठरवावं लागत नाही, हा त्याचा खरा उपयोग. पण ते माप आपल्या डोळ्यांत बसलं नाही, तर डबा बंद झाल्यावर वजन पुन्हा चढतं. म्हणून पहिल्या दिवसापासून शिकायच्या तयारीनेच डबा उघडायचा.

पहिली चूक प्लॅन निवडतानाच होते. १२०० कॅलरींचा प्लॅन सगळ्यांना सरसकट दिला जातो. आपलं शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं, याचा हिशोब मिफ्लिन–सेंट जिओर या सूत्राने करून बघा: वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. त्यात पुरुषांनी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. बैठं काम असेल तर आलेल्या आकड्याला १.२ ने गुणायचं. ७८ किलो वजनाच्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या, चाळिशीच्या बाईचा दिवसाचा खर्च येतो साधारण १७०० कॅलरी. ९५ किलो, १७५ सेंटिमीटर, वय ३५ अशा पुरुषाचा येतो २२५० च्या आसपास. तोच १२०० चा प्लॅन बाईंना ५०० ची तूट देतो, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खायला लावतो, आणि त्या पुरुषाला हजाराच्या वर. असा माणूस दहा-बारा दिवस तग धरतो आणि मग रात्री फ्रिज उघडून उभा राहतो. दोष मनोबलाचा नसतो, आकड्याचा असतो. रोज ४०० ते ५०० ची तूट पुरे. १२०० च्या खाली जायचं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नका. फार झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

आता लेबल. कॅलरींचा मोठा आकडा वाचून थांबू नका. खाली प्रोटीन, कार्ब्स आणि फॅट किती ते बघा. प्रोटीन आणि कार्ब्सच्या ग्रॅमला ४ कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला ९. एका डब्यात प्रोटीन २८, कार्ब्स ४५, फॅट १२ ग्रॅम: बेरीज ४००. दुसऱ्यात प्रोटीन १२, कार्ब्स ५८, फॅट १४: बेरीज ४०६. कागदावर दोन्ही डबे सारखे, पण दुसरा दुपारी एकला खाल्ला तर चारला पोटात कावळे ओरडायला लागतात. वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर वजनाच्या दर किलोमागे निदान १.२ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. ७८ किलोला ते ९४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन खाण्यांत प्रत्येकी तीसेक ग्रॅम. जेवणाच्या डब्यात २५ ग्रॅमच्या खाली प्रोटीन असेल तर तो डबा मी घेऊ नका म्हणेन, चव कितीही चांगली असो. सोडियमचा आकडा दिसला तर त्याला अडीचने गुणा, मीठ किती ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची आहे. एकाच डब्यात ९०० मिलिग्रॅम असेल तर दोन डब्यांतच ती जवळजवळ संपते. आणि ‘प्रति सर्व्हिंग’, म्हणजे एका वेळच्या वाढपाचे आकडे, असं लिहिलं असेल तर पॅकमध्ये सर्व्हिंग किती, हे आधी शोधा. दोन असतील तर सगळे आकडे दुप्पट.

पहिल्या आठवड्यात एक काम नेमाने करा. डबा आला की काट्यावर रिकामी ताटली ठेवून आकडा शून्य करा आणि एकेक पदार्थ वेगळा काढून मोजा. भात १४०, प्रोटीनचा पदार्थ ११०, भाजी ९०, सॉस ४० ग्रॅम, असं वहीत लिहून काढा. मग तोच १४० ग्रॅम भात आपल्या नेहमीच्या ताटात ठेवून नीट बघा. तो ताटाचा केवढा कोपरा व्यापतो, ढीग किती उंच होतो, हे चारपाच दिवस बघितलं की डोळा तयार होतो. सॉसची वाटीही तपासा. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम तेल असतं, म्हणजे १२० कॅलरी. पातळ, आंबट सॉसमध्ये ते दिसतही नाही.

डबेवाल्यांना एक प्रश्न नक्की विचारा: तुमचं वजन कच्च्याचं की शिजलेल्याचं? १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या पुढे कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. इथे गफलत झाली तर हिशोब जवळजवळ तिपटीने चुकतो. याचं उत्तर ज्यांना देता येत नाही, त्यांच्या लेबलवर विसंबू नका. प्रामाणिक लेबलही तंतोतंत नसतं. अमेरिकेत एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या, नियमानुसारसुद्धा छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी चालतात. म्हणून शेवटचा निवाडा शरीराच्या वजनाचा. रोज सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सरासरीशी ताडून बघा.

पहिल्या आठवड्यात काटा एकदम दीड-दोन किलो खाली आला तर त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (कार्ब्सपासून बनणाऱ्या साठ्याच्या) दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्स घटले की तेही जातं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की लोक डबा बदलतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. तीन आठवडे सरासरी अजिबात हलली नाही, तरच डब्याबाहेर काय पोटात जातंय ते तपासा: साखरेची कॉफी, मूठभर सुकामेवा, मुलांच्या ताटातलं उरलेलं, शनिवार-रविवार. पाच दिवस रोज ४०० ची तूट म्हणजे २०००. सुटीच्या दोन दिवसांत रोज हजार जास्त गेले की ती पुरती भरून निघते.

साठवणीकडे दुर्लक्ष नको. डबा आल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ५ अंश सेल्सिअसच्या खाली. पॅकवरची तारीख पाळा. तारीख नसेल तर शिजलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवा. आठवड्याचे डबे एकदम येत असतील तर उरलेले त्याच दिवशी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. चौथ्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही. दह्याचा सॉस आणि कच्चं सॅलड मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. सॉस फाटतो, पानं लिबलिबीत होतात. फ्रिजमधला भात कडक होतो, कारण त्यातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट बसतो. त्यावर दोन छोटे चमचे पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा, मध्येच एकदा ढवळा आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवा. मधला भाग ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. एकदा गरम केलेलं उरलं तर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डबा सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी जास्त प्रोटीनचा प्लॅन स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हा विषय बाजूलाच ठेवा.

चौथ्या आठवड्यापासून दोन डब्यांतला एक बंद करा आणि ते जेवण घरी, वहीतल्याच वजनांनी वाढा. आधी अंदाजाने वाढा, मग काट्यावर ठेवून बघा. भाताचा अंदाज वीस ग्रॅमच्या आत येऊ लागला की दुसरा डबाही बंद करायला हरकत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र डोळ्यावर भरवसा ठेवू नका, ते कायम चमच्यानेच मोजून घाला.